खलातला आवाज

हिवाळ्याच्या तोंडावर लाडवांसाठी आमच्या घरी जो धावड्याचा डिंक येतो, त्याच डिंकाची पूड जळगावातील एका औषधनिर्माण महाविद्यालयात तेलातले औषध पाण्यात धरून ठेवण्यासाठी वापरतात, असे एका विद्यार्थ्याच्या तोंडून सहज ऐकले आणि ते डोळ्यांनी पाहिल्यावाचून चैन पडेना. म्हणून गेल्या माघात रीतसर परवानगी काढून मी तिथे एक दिवस घालविला.

तेल आणि पाणी यांच्या अशा दुधाळ मिश्रणाला परिभाषेत पायस म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे इमल्शनच म्हणतात. तिथल्या वयोवृद्ध साहाय्यकांना सारे आप्पा म्हणून हाक मारतात. त्यांचे अर्धे आयुष्य दवाखान्यांत कंपाउंडरी करण्यात गेले आहे. त्यांनी प्रथमच मला दस्तूर सांगितला, "चार, दोन, एक." तेल चार भाग, पाणी दोन, डिंक एक. खल ठणठणीत कोरडा हवा. त्यात एरंडेल आणि डिंकाची वस्त्रगाळ पूड अलगद मिसळायची, मोजलेले पाणी एकदम ओतायचे आणि क्षणाचाही खंड न पाडता बत्ता एकाच दिशेने भरभर फिरवायचा. काही वेळ पिवळसर, निसरडा लगदा नुसता सरकत राहिला. मग त्याचा रंग फिकटला, तो साईसारखा शुभ्र झाला आणि बत्त्याखालून बारीक चट्‌चट् असा आवाज येऊ लागला. "आयका साहेब," आप्पा म्हणाले, "हे बोललं म्हणजे जमलं."

मी करून पाहिले, आणि पाणी थोडेथोडे घातल्यामुळे माझ्या खलात तेल वर आले. "भीत भीत पाणी घातलं की तेल फुटतं," एवढेच बोलून त्यांनी खल धुऊन, पुसून, पुन्हा माझ्यापुढे ठेवला. चार, दोन, एक.

वरच्या मजल्यावर हेच काम यंत्रे करतात. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते; म्हणून ते तेलात घेऊन त्या तेलाचे थेंब मायक्रॉनाच्याही अंशाइतके बारीक करतात आणि प्रत्येक थेंबाला दुधातल्या केसीन या प्रथिनाचे आवरण देतात. पण केसीन एकटे पुरत नाही: सामू 4.6 च्या जवळ आला की त्यावरचा विद्युत्‌भार नाहीसा होतो, थेंब एकमेकांना बिलगतात आणि नासलेल्या दुधासारखी गाठ धरते. शिवाय जठरातले पेप्सिन प्रथिनाला कापून काढते, ते निराळेच. या दोन्ही संकटांत डिंकासारखी बहुशर्करा उपयोगी पडते. तिच्या आम्लधर्मी शर्करांवर ऋण भार असतो, आम्लात धन भार पावलेल्या प्रथिनावर ती घट्ट बसते आणि आपल्या पाणी धरणाऱ्या लांब शाखांनी थेंबाथेंबांत अंतर राखते. धावड्याच्या डिंकात तर थोडे प्रथिन निसर्गतःच जडलेले असते; तेलाला धरण्याची त्याची हातोटी बऱ्याच अंशी त्यातूनच येते.

स्वीडनमध्ये 1962 साली सोयाबीनच्या तेलाचे पायस शिरेतून पोषण देण्यासाठी वापरात आले, त्याला अंड्यातल्या फॉस्फोलिपिडांनी स्थिर केले होते. त्या शोधाचे मोल मोठेच आहे. पण मला राहून राहून आठवत होता तो यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांच्या माथ्यावरचा सातपुडा, जिथे धावड्याच्या सालीतून पाझरून वाळलेले मधाळ रंगाचे खडे माणसे हाताने खुडतात आणि सालीचे कण व माती निवडून काढतात. औषधाच्या बाटलीवरील मजकुरात त्या हातांचा उल्लेख कधी येत नाही, याचे मला वाईट वाटते.

संध्याकाळी खाली आलो तेव्हा पाच-सहा विद्यार्थी आपापले खल फिरवीत होते, आणि आप्पा खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे उभे राहून बाटल्या पुसत होते. खिडकीजवळच्या मुलीच्या खलातून तो बारीक आवाज आला. आप्पांनी मान वळविली नाही.

"झालं, ताई. आता राहिलेलं पाणी हळूहळू घाल."