लहान विमानांतील ग्लास कॉकपिट आणि त्याचे प्रशिक्षण

ग्लास कॉकपिट म्हणजे वेग, उंची, दिशा इत्यादी माहिती स्वतंत्र तबकड्यांऐवजी संगणकीय पडद्यांवर दाखवणारी वैमानिक-कक्षाची रचना होय. हे नाव काहीसे फसवे आहे. जुन्या तबकड्यांवरही काच असेच. मोठ्या प्रवासी विमानांत ही रचना १९८०च्या दशकात रुळली. लहान विमानांत ती २००३-०४ च्या सुमारास आली आणि इतक्या झपाट्याने पसरली, की २००६ मध्ये तयार झालेल्या नव्या पिस्टन इंजिनाच्या लहान विमानांपैकी ९० टक्क्यांहून अधिक विमानांत ती होती.

रचना

गार्मिन जी १००० ही या वर्गातील सर्वाधिक परिचित प्रणाली. तिच्या डावीकडील पडद्यावर कृत्रिम क्षितिज, वेग, उंची व दिशा दिसते; उजवीकडील पडद्यावर सरकता नकाशा व इंजिनाची स्थिती असते. जुन्या फिरत्या जायरोस्कोपची जागा विद्युत संवेदकांनी घेतली आहे. एक पडदा बंद पडल्यास लाल बटण दाबून आवश्यक माहिती उरलेल्या पडद्यावर आणता येते. याशिवाय वेग, उंची व क्षितिज दाखवणारी राखीव उपकरणे वेगळी असतात.

वाचनातील फरक

तबकडीवरील काट्याचा कोन आकडा न वाचताही ध्यानात येतो. पडद्यावर वेग व उंची उभ्या सरकत्या पट्ट्यांवर आकड्यांत दिसतात आणि ते आकडे वाचावे लागतात. त्याबदल्यात पट्टीशेजारची छोटी रेषा काही सेकंदांनंतरचा संभाव्य वेग दाखवते, जी सोय काट्याला नव्हती. बिघाडाचे स्वरूपही बदलते. जुना जायरोस्कोप हळूहळू कलंडून वैमानिकाची दिशाभूल करू शकतो. नव्या प्रणालीला संवेदकाची माहिती मिळेनाशी झाली, की त्या जागी लाल फुली उमटते.

अपघातांचा अभ्यास

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २०१० मध्ये यासंबंधी महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासलेल्या विमानांपैकी पारंपरिक उपकरणे असलेल्यांचे १४१ अपघात झाले, त्यांतील २३ प्राणघातक होते. ग्लास कॉकपिटच्या १२५ अपघातांपैकी मात्र ३९ प्राणघातक ठरले. ही तुलना सावधपणे वाचावी लागते. पारंपरिक विमाने शिकवणीच्या छोट्या उड्डाणांत अधिक वापरली जात, तर नवी विमाने लांबच्या प्रवासाला. तरीही केवळ पडदे बसवल्याने सुरक्षितता वाढली, असे दिसले नाही. मंडळाने प्रत्येक प्रणालीला अनुरूप प्रशिक्षण आणि सिम्युलेटरचा वापर यांवर भर दिला.

प्रशिक्षण

बटणे व खटके कोठे आहेत, हे विद्यार्थ्याने हवेत शोधत बसू नये. म्हणून आरंभ संगणकावरील प्रतिकृतीने किंवा जमिनीवर उभ्या विमानात, बाहेरून वीजपुरवठा जोडून, करणे सोयीचे ठरते. नुसत्या बॅटरीवर सराव केल्यास ती लवकर उतरते. बटणांपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे नजरेची शिस्त. आकर्षक नकाशामुळे नवशिक्याची दृष्टी आतच खिळते आणि बाहेरील आकाश, इतर विमाने यांकडे दुर्लक्ष होते. त्यामुळे अनेक प्रशिक्षक प्रारंभीच्या धड्यांत पडदे झाकून किंवा मंद करून केवळ क्षितिजाच्या आधारे उड्डाण करवून घेतात. स्वयंचलित चालक कोणत्या स्थितीत आहे, हे बटण दाबल्याच्या आठवणीवरून नव्हे तर पडद्यावरील अक्षरे वाचून ठरवण्याची सवयही लावावी लागते. बिघाडाच्या सरावासाठी हवेत सर्किट ब्रेकर ओढणे हितावह मानले जात नाही. पडद्याचा प्रकाश कमी करणे किंवा सिम्युलेटर वापरणे अधिक बरे.

महाराष्ट्रात गोंदियाजवळ बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेत ग्लास कॉकपिट असलेल्या डायमंड विमानांवर शिक्षण दिले जाते. प्रवासी विमानांकडे जाणाऱ्यांना याचा लाभ होतो. उलट, पडद्यांवरच शिकलेल्या वैमानिकाला तबकड्यांचे विमान चालवायचे झाल्यास सहा उपकरणांवरून क्रमाने नजर फिरवणे आणि नकाशाविना स्थान ओळखणे या गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात.