वर्गणीची पेटी

सावरगावच्या मुलांना संत्र्याच्या बागेचा व्यवहार शिकविण्याची गरज नाही. फळ झाडावर असतानाच व्यापारी येतो, बागेतून एक फेरी मारतो आणि उक्ता भाव सांगतो. पैशाची निकड असलेला बागवान तो मान्य करतो. ह्याहून निराळी वाट नाही काय, असे गतवर्षी एका विद्यार्थ्याने मला विचारले. मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. उत्तर देण्यापूर्वी मलाच पुष्कळ वाचावे लागले.

निराळी वाट आहे. मासिकाची वर्गणी आपण आगाऊ भरतो व अंक घरपोच येतो. त्याच रीतीने ग्राहकाने शेतकऱ्याकडे वर्गणी भरावयाची आणि दर आठवड्यास भाजीफळांची पेटी घ्यावयाची. जपानात १९७० नंतरच्या दशकात शेतकरी व शहरी कुटुंबे ह्यांच्यात असे करार झाले; त्यांस तेथे ‘तेइकेइ’ म्हणतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका शेतावर १९८६ च्या सुमारास रॉबिन व्हॅन एन ह्या बाईंनी हीच पद्धत रुजविली. आपल्याकडे मुळशी तालुक्यात ज्ञानेश्वर बोडके ह्यांच्या ‘अभिनव फार्मर्स क्लब’ने पुण्यातील घरांपर्यंत थेट भाजी पोचविली.

आता ह्या व्यवहाराचे दुकान इंटरनेटवर मांडता येते. दुकानाचे पान तयार करणे हा त्यातील सोपा भाग होय. कठीण भाग तेथे काय कबूल करावे, हा! नेहमीच्या दुकानात गिऱ्हाईक हवे ते निवडते. येथे शेतात जे तयार असेल तेच पेटीत येणार, हे पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहिले पाहिजे. समजा, ४० ग्राहक आहेत आणि प्रत्येकास ३ किलो माल द्यावयाचा आहे. म्हणजे आठवड्यास १२० किलो झाले. परंतु किडके, फुटके बाजूस पडणार, म्हणून लागवड त्याहून अधिक हवी. नोंदणी तोडणीच्या दोन दिवस आधी बंद करावी. गावाला जाणाऱ्यास एखादा आठवडा वगळण्याची सोय ठेवावी. नाहीतर पेटी कुलूपबंद दारापुढे सडते. वाटपाचा वारही वस्तीवार ठरवावा. वर्गणीसाठी यूपीआय आहेच. २०२० पासून ठराविक रक्कम ठराविक दिवशी आपोआप वळती करण्याची सोयही त्यात झाली आहे. पण एखाद्याच्या खात्यात पैसे नसले तर पेटी पाठवावी की थांबवावी, हा निर्णय यंत्रावर सोपवू नये, असे मला वाटते. आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या गिऱ्हाइकाला उधारी नाकारताना विक्रेती दहादा विचार करते.

आपल्या भागापुढे मात्र एक खरी अडचण आहे. आंबिया बहराचे फळ दिवाळीच्या मागेपुढे येते, मृगाचे फेब्रुवारी-मार्चात. मधल्या आठवड्यांत पेटीत घालावे काय? केवळ संत्र्यांवर बारमाही वर्गणी चालणार नाही. शेजारच्या चार शेतांतील भाजी, तूरडाळ, भुईमूग असा माल एकत्र आला तरच पेटी भरेल. आणि चार शेतकऱ्यांनी एक हिशेब ठेवणे हे दुकान मांडण्याहून अवघड काम आहे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाच्या वडिलांनी यंदाही बाग उक्तीच दिली. फक्त बांधालगतची दहा झाडे त्यांनी राखून ठेवली आहेत. पांढुर्ण्यातील नऊ घरांनी वर्गणी भरली असून त्यांची नोंद तो मुलगा सध्या वहीतच करीत आहे.