संगणकाचा गाभा आणि रफूचे काम

पानशेतला कापडाचे दुकान चालवणाऱ्या माणसाने संगणकाच्या पोटातील गोष्टींवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमची उधारीची वही गेली कित्येक वर्षे संगणकातच आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांतील दोन-अडीचशे घरांची नावे, मोबाईल क्रमांक आणि बाकी रकमा त्यात आहेत. कोणाच्या घरच्या लग्नाच्या कापडाचे किती देणे राहिले, हे देणाऱ्याला आणि आम्हाला ठाऊक असावे, तिसऱ्याला नव्हे. ही लोकांची अमानत आहे. ती ज्या पेटीत ठेवली त्या पेटीचे कुलूप तपासणे हे दुकानदाराचेच काम नव्हे काय?

हे कुलूप आम्ही चार वर्षे तपासले नव्हते. गेल्या वर्षी आमचा भाचा सुट्टीत आला आणि त्याने सहज यंत्र उघडून पाहिले, तर त्यात चार वर्षांत एकही दुरुस्ती चढली नव्हती. ज्याने ते यंत्र जोडून दिले त्याने विंडोजची नकली प्रत घातली होती आणि चोरी कंपनीला कळू नये म्हणून दुरुस्तीचा रस्ताच बंद केला होता. स्वस्तात मिळाले म्हणून आम्हीही काही विचारले नाही, तेव्हा दोष निम्मा आमचा. त्या निमित्ताने भाच्याला बसवून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत.

संगणक सुरू झाला की जो मूळ कार्यक्रम जागा होतो आणि यंत्र बंद होईपर्यंत जागाच राहतो, त्याला कर्नेल म्हणतात. सैन्यातला कर्नल वेगळा. याचा अर्थ दाण्यातला गर, उर्दूत ज्याला मगज म्हणतात तो. बिलाचा प्रोग्राम असो की इंटरनेट, सर्व मंडळी याच्याकडेच अर्ज करतात: एवढी जागा द्या, ती फाईल उघडा, प्रिंटरला कागद पाठवा. कोणाला काय द्यायचे ते कर्नेल ठरवतो. त्याच्यावर दुसरा मुकादम नाही. म्हणूनच साध्या प्रोग्राममध्ये चूक असेल तर तेवढे काम बिघडते, पण कर्नेलमध्ये चूक असेल आणि ती चोराच्या हाती लागली तर सारे यंत्र त्याचे होते. तुमचा पासवर्ड, तुमचा व्हायरस पकडणारा पहारेकरी, सगळे त्याच्या हुकमात.

आम्ही धरणाच्या गावचे, त्यामुळे हे आम्हाला लवकर उमजले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी सोडण्याचा नळमार्ग धरणाच्या पोटातून जात होता. त्याचे काम अपुरे राहिले होते आणि त्याच्या वरचा भराव खचत गेला. माथ्यावर रेतीची पोती रचून पाहिली, पण बिघाड पोटात होता.

आता कर्नेलमध्ये चूक असते तरी कशी? एक खरे उदाहरण घेऊ. अनेक संगणकांनी एकमेकांच्या फायली आणि प्रिंटर वापरावेत यासाठी विंडोजमध्ये जो भाग आहे, तो कर्नेलच्या अंगातच काम करतो. बाहेरून आलेला मजकूर ठेवण्यासाठी त्याला जागा मोजावी लागते. या मोजणीत एके ठिकाणी मोठा आकडा खोडून लहान आकडा लिहायचा होता, परंतु प्रोग्राम आकड्याचा फक्त शेवटचा अर्धा भाग बदलत असे आणि पुढचा अर्धा जुनाच राहत असे. मुनिमाने १,४२,५०० खोडून ३०० लिहायचे आणि वहीत १,४२,३०० राहावेत, तशातला प्रकार. जागा राखली लहान मापाची आणि माल उतरवला मोठ्या मापाचा. जास्तीचा माल शेजारच्या खणात सांडला, आणि त्या खणात कर्नेलचे स्वतःचे कागद होते. चोराने काय सांडायचे ते नीट ठरवले की कर्नेल त्याचाच हुकूम वाचू लागतो. एवढ्याशा मोजमापाच्या चुकीवर अमेरिकेच्या हेरखात्याने हत्यार बनवून ते वर्षानुवर्षे जवळ ठेवले होते आणि शेवटी ते त्यांच्याकडूनही चोरीला गेले.

मायक्रोसॉफ्टने या चुकीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली. येथे व्यापारी बंधूंनी नीट लक्ष द्यावे. दुरुस्ती जाहीर झाली की धोका संपला, असा आपला समज असतो. वास्तविक त्याच दिवसापासून एक वेगळा धोका सुरू होतो. रफूगाराने शेरवानीला रफू केले तर जाणत्या नजरेला भोक कोठे होते ते कळते. तसेच जुना आणि दुरुस्त कार्यक्रम शेजारी ठेवून चोर ताडतात की कोठे टाका पडला. ज्याने दुरुस्ती चढवली तो सुटला. ज्याने ‘नंतर’ हे बटन दाबले त्याच्या भिंतीतील भोक आता सर्वांना ठाऊक झाले. या वेळी तर १४ एप्रिलला ते हत्यारच उघड्यावर आले. १२ मे रोजी, म्हणजे दुरुस्तीनंतर ५९ दिवसांनी, वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर कार्यक्रम जगभर पसरला. आणि २७ जूनला, १०५ दिवसांनी, नॉटपेट्या आला.

हा दुसरा आपल्या दारापर्यंत आला. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का आहे, डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचा. त्याचे संगणक ठप्प झाले. कोणता कंटेनर कोठे, हे सांगणारी व्यवस्थाच गेली, तेव्हा काम हाताने चालवावे लागले आणि माल दुसऱ्या धक्क्यांकडे वळवावा लागला. सोलापूरचे टॉवेल असोत की इचलकरंजीचे कापड, माल जातो याच बंदरातून. ज्याची बोट चुकली त्याला भाचा आणि कर्नेल दोन्ही ठाऊक नसतील, भुर्दंड मात्र त्याचाच. मर्स्कने पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले आणि नुकसान २० ते ३० कोटी डॉलरचे सांगितले. त्यांच्या एका महत्त्वाच्या नोंदीची शाबूत प्रत घानाच्या कचेरीत सापडली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती! भारनियमनाचा असा फायदा आम्ही प्रथमच ऐकला.

पण पुरते सांगायचे तर नॉटपेट्याने आत शिरकाव केला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. शिवाय तो यंत्रातील पासवर्ड चोरून दुरुस्ती केलेल्या संगणकांतही घुसत असे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बंद पाडली, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहिले गेले. तेव्हा अपडेटला भिणारा दुकानदार अडाणी नसतो. सणाच्या गर्दीत बिलाचे यंत्र अडले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. पण भिऊन चार वर्षे काहीच न करणे, हा आमचा हिशेब चुकीचाच होता.

मोबाईलची गोष्टही निराळी नाही. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सचा कर्नेल असतो. त्यातील एक चूक लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता, पण एका प्रकारच्या मोठ्या यंत्रांवर अडचण आली म्हणून तो टाका उसवण्यात आला. पक्की दुरुस्ती झाली ऑक्टोबर २०१६ मध्ये. मूळ कर्नेलमधील दुरुस्ती फोन बनवणाऱ्याने आपल्या फोनपर्यंत पोचवावी लागते, आणि स्वस्त फोनच्या बाबतीत हे काम लवकर थांबते. सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख दिसते. ती दोन-तीन वर्षे जुनी असेल तर त्या फोनवर दुकानाचे बँकेचे व्यवहार करू नयेत.

संगणकाचे म्हणाल तर विंडोज ७ ला मोफत दुरुस्ती मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० ची नाव नोंदवून मिळणारी वाढीव मुदत घरगुती ग्राहकांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. जुन्या यंत्रावर बिल करायचेच असेल तर त्याला इंटरनेट जोडू नये. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देते. त्या आठवड्यातील एखादी रात्र, दुकान बंद झाल्यावर, आम्ही या कामाला ठेवली आहे. आधी वहीची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यायची आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. जोडलेली राहिली तर खंडणीखोर तीही कुलूपबंद करतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि दुरुस्ती अर्ध्यावर असताना यंत्र बंद पडले तर ते पुन्हा उठेलच असे नाही. म्हणून यूपीएसची बॅटरी पाऊस लागण्याआधी मे महिन्यातच बदलून घेतलेली बरी.