हात उगारण्यापूर्वी

मुलाला मारणाऱ्या आईबापाला मायाच नसते, असे आपण सहज बोलून जातो. ते नेहमी खरे नसते. माझ्याच घरची गोष्ट सांगते.

एका संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. माझ्या सात वर्षांच्या मुलाने दुधाचा पेला पाडला आणि सगळ्या वह्या भिजल्या. मी ओरडले, तर तो हसला. आईला हसतोस? मी त्याच्या थोबाडीत दिली. रात्री निजताना तो म्हणाला, "आई, मी तुला हसलो नव्हतो गं. मला भीती वाटली होती."

पुढे मी या विषयावर वाचले. १९८० साली अ‍ॅन फ्रोडी व मायकेल लॅम्ब या संशोधकांनी, मुलांना मारहाण केलेल्या आणि न केलेल्या व्यक्तींना रडणाऱ्या व हसणाऱ्या बाळांची चित्रफीत दाखवली. रडणे ऐकून दोघांच्याही हृदयाचे ठोके वाढले. पण मारहाण करणाऱ्यांचे ठोके हसरे बाळ पाहूनही वाढले. बाळाचे हसणेही त्यांना त्रासच वाटत असावे.

१९९३ साली मानसशास्त्रज्ञ जोएल मिल्नर यांनी ही क्रिया पायरीपायरीने मांडली. पालक मुलाचे वागणे कसे पाहतो, त्याचा काय अर्थ लावतो, मूल लहान आहे, दमले आहे हे ध्यानात घेतो का, यावर पुढचे ठरते. "याने मुद्दाम केले" असे मनाने घेतले की माया मागे राहते आणि हात पुढे जातो. थकवा, पैशाची चिंता आणि दारू यांनी ही चूक अधिक लवकर होते.

आपल्या मॉरिशसमध्ये २०२० चा बालक कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. "आम्हीही मार खाऊनच शिकलो" ही सबब आता चालत नाही. पण पेला सांडतो तेव्हा घरात कायदा नसतो, आपणच असतो.

म्हणून पालकांना विनंती आहे. राग आला की दोन पावले मागे सरा, पाणी प्या. मग मुलाला विचारा, "काय झाले?" आणि उत्तर पूर्ण ऐका. ज्या घरात मार रोजचाच झाला आहे, तिथे एवढ्याने भागत नाही. तिथे शेजाऱ्यांनी आणि आम्हा शिक्षकांनी गप्प बसू नये.

त्या संध्याकाळी मी एवढे विचारले असते, तर रात्री मुलाला खुलासा करावा लागला नसता.