मचाणाची उंची : पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीतील भूमिती

प्रस्तावना

‘मचाण’ ही वस्तू महाराष्ट्राला अपरिचित नाही. पिकाच्या राखणीसाठी शेतात उभारलेला माळा आणि बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोबा-मेळघाटातील पाणवठ्यांवर प्राणीनिरीक्षणासाठी वापरले जाणारे मचाण ही तिची आजची रूपे होत. शिकारीचे मचाण मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात इतिहासजमा झाले. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेट यांनी १९२६ मध्ये आंब्याच्या झाडावरील मचाणावरूनच टिपला होता. तेथे उंचीचे मुख्य प्रयोजन शिकाऱ्याचा जीव वाचविणे हे होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मचाण आजही मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. परंतु तेथील मुख्य सावज, म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण, माणसावर झडप घालत नाही. येथे उंची हवी असते ती हरणाच्या डोळ्यांपासून आणि नाकापासून लपण्यासाठी. विसाव्या शतकाच्या आरंभी अतिशिकारीमुळे हे हरीण अनेक राज्यांतून जवळजवळ नाहीसे झाले होते. आज त्याची संख्या सुमारे ३ कोटी मानली जाते. लांडगा आणि प्यूमा हे त्याचे नैसर्गिक शत्रू पूर्वेकडील बहुतेक प्रदेशांतून नष्ट झाल्याने परवानाबद्ध शिकार हे तेथील वनव्यवस्थापनाचे एक साधन ठरले आहे. शिकारीच्या नैतिकतेविषयी मतभेद असू शकतात. तथापि ती होणारच असेल, तर जखमी हरीण रानात तडफडत राहू नये, एवढी अपेक्षा दोन्ही पक्षांना मान्य व्हावी. आणि मचाणाच्या उंचीचा प्रश्न नेमका येथेच येऊन भिडतो.

हरणाची दृष्टी आणि गंधज्ञान

या हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे त्याला मान न वळविता सुमारे ३०० अंशांचा परिसर दिसतो. त्याची बाहुली आडवी असते आणि दृष्टिपटलावरील संवेदनशील पेशींची दाटीही आडव्या पट्ट्यात असते. म्हणजेच क्षितिजाच्या पातळीवरील हालचाल ते तत्काळ टिपते. डोक्यावरच्या भागाकडे त्याचे लक्ष तुलनेने कमी असते. यावरून ‘जितके उंच तितके उत्तम’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. ५० यार्डांवरील हरणाच्या नजरेने पाहिल्यास २० फुटांवरील मचाण सुमारे ६.५ अंश, तर ३० फुटांवरील मचाण सुमारे १० अंश वर दिसते. १० फूट अधिक चढण्याचे फळ चार अंशांहूनही कमी! उघड्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर ३० फुटांवर बसलेला मनुष्य स्पष्ट उठून दिसतो. पाठीशी जाड खोड आणि सभोवती फांद्या असतील, तर १५ फुटांवरही तो दिसेनासा होतो.

गंधाच्या बाबतीतही उंची हा पूर्ण उपाय नव्हे. उंचावरील वारा माणसाचा गंध काही अंतर हरणाच्या डोक्यावरून नेतो हे खरे. परंतु सायंकाळी थंड झालेली हवा उताराकडे आणि दरीकडे उतरू लागते व गंधही तिच्याबरोबर खाली येतो. तेथे वाऱ्याची दिशा पाहून झाड निवडणे हेच अधिक उपयोगी.

बाणाचा कोन

खरी किंमत मोजावी लागते ती धनुर्धाऱ्याला. बाणाने हरीण लवकर मरावे यासाठी दोन्ही फुप्फुसे छेदली जाणे आवश्यक असते. हे मर्मस्थान बाजूने पाहता जेमतेम ८ ते १० इंच उंचीचे आहे. बाण मचाणापासून सुमारे ५ फूट वरून सुटतो आणि हरणाची छाती जमिनीपासून अडीच फुटांवर असते, असे धरू. २० फुटांच्या मचाणावरून २० यार्डांवर उभ्या हरणावर बाण सोडल्यास १२ इंच रुंद छाती ओलांडताना तो साडेचार इंच खाली उतरतो. हरीण १० यार्डांवर आले, तर ९ इंच. मचाण ३० फुटांवर असेल आणि हरीण १० यार्डांवर, तर १३ इंच! म्हणजे मर्मस्थानाच्या उंचीपेक्षाही अधिक. एका बाजूस वरच्या भागात शिरलेला बाण दुसरे फुप्फुस चुकवून त्याखालून निघून जातो आणि एका फुप्फुसानिशी जखमी हरीण कित्येकदा दूरवर पळून जाते व हाती लागत नाही. याउलट १५ फुटांवरून १० यार्डांवर ही घसरण ७ इंचांचीच राहते. म्हणूनच जाणते धनुर्धारी बाण कोठे शिरेल यापेक्षा तो कोठून बाहेर पडेल याचा विचार करून नेम धरतात. बहुतेक धनुर्धारी १५ ते २० फुटांच्या आसपास स्थिरावतात, त्यामागे हेच गणित आहे.

रायफलधाऱ्याचे गणित वेगळे. १०० यार्डांवर कोनाचा प्रश्न जवळपास उरत नाही. किंबहुना तेथे उंचीचा लाभ निराळाच आहे. सपाट जमिनीवर बसून झाडलेली गोळी हरणापलीकडे फार दूर जाऊ शकते. १२ फुटांच्या मचाणावरून झाडलेली गोळी हरणामागे साधारण ५५ फुटांवर जमिनीत रुतते. जर्मनीतील शेता-रानांच्या कडेला दिसणारी ‘होखझिट्स’ नावाची उंच आसने याच सुरक्षिततेसाठीही उपयोगी पडतात.

ही सर्व उंची झाडाच्या बुंध्यापासून नव्हे, तर हरणाच्या वाटेपासून मोजावयास हवी. डोंगरउतारावर वाट झाडाच्या वरच्या अंगाने जात असेल, तर २० फुटांवरील शिकारीही हरणाच्या नजरेच्या पातळीत येतो. वाट खालून जात असेल, तर १२ फूटही पुरतात.

पडण्याचा धोका

मचाणावरून पडणे हे तेथील शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण आहे. १५ फुटांवरून पडणारा मनुष्य ताशी सुमारे ३४ किलोमीटर, २० फुटांवरून ३९, तर ३० फुटांवरून ४८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. हे अपघात केवळ बसलेले असताना घडत नाहीत. शिडीवरून मचाणावर पाऊल टाकताना व उतरतानाही तोल जातो. त्यामुळे संपूर्ण शरीराला बांधावयाचा सुरक्षापट्टा जमिनीवर असतानाच झाडावरून सोडलेल्या दोराला अडकवावा आणि रिकामी केलेली बंदूक किंवा धनुष्य नंतर दोरीने वर ओढून घ्यावे, असे तेथील शिकारी-प्रशिक्षणात शिकविले जाते. पट्ट्यात लोंबकळत राहिल्यास पायांत रक्त साचून शुद्ध हरपू शकते. म्हणून पाय टेकविण्यासाठी दोरीचा फास जवळ ठेवणे आणि आपण कोणत्या झाडावर बसणार आहोत हे घरी सांगून जाणे, हेही त्यातच आले.