स्लीपिंग बॅगवरचा आकडा आणि आपलं अंग

स्लीपिंग बॅगवर ठळक छापलेला अंशांचा आकडा पाहून बॅग घेऊ नका, हे मी हिमालयात निघालेल्या प्रत्येक मुलामुलीला बजावून सांगते. अकोल्यात बसून थंडीच्या सामानाची शिकवणी घ्यावी लागते, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, कूलरचा वारासुद्धा गरम लागतो. पण कॉलेजच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच असतात आणि हिमाचलातले बर्फावरचे ट्रेकही तेव्हाच सुरू होतात. पोरं भुसावळला गाडी बदलून दिल्ली गाठतात, रात्रीच्या बसने कसोलकडे निघतात आणि आठवडा उलटायच्या आत सर पासच्या वाटेवर साडेतीन हजार मीटर उंचीच्या तंबूत झोपलेली असतात. अंग अजून अकोल्याच्या उन्हातून सावरलेलं नसतं आणि तंबूबाहेरच्या बादलीतलं पाणी गोठलेलं असतं.

तापत्या मुलखातल्या माणसाला बर्फ झेपत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. आमच्याच विदर्भातल्या चंद्रपूर जिल्ह्यातले आदिवासी आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. त्यांच्यामागे कित्येक महिन्यांचा सराव होता आणि सामान पारखून देणारी माणसं होती. सुट्टीत आठ-दहा दिवसांसाठी जाणाऱ्या आमच्या पोरांना ही पारख स्वतःच करावी लागते.

बॅग स्वतः ऊब देत नाही. ऊब आपल्या अंगाची असते. बॅगमधला भराव अंगाभोवती हवा अडवून धरतो आणि अडलेली हवा उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. वऱ्हाडात हे कोणाला समजावून सांगावं लागू नये, कारण आपण कापसात वाढलो. देशी कापसाची आखूड, जाडसर रुई गादी-रजईला चांगली, हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. ती मुठीत दाबून सोडली की पुन्हा उठते. दोन-चार हिवाळे वापरलेली रजई चपटी पडायची, आत गोळे व्हायचे आणि त्यातून गारठा आत यायचा. मग पिंजारी यायचा, अंगणात रुई मोकळी करून पिंजायचा. वजन तेच, पण रजई दुप्पट फुगायची आणि पुन्हा ऊब धरायची. पिसांच्या बॅगचं गणित हेच आहे. फरक एवढाच, की रजईचं चार किलोचं काम ती एका किलोत करते.

बदक आणि हंसबदकाच्या छातीवर, मोठ्या पिसांच्या खाली, मऊ लव असते. तिला डाउन म्हणतात. तिला पिसासारखी ताठ काडी नसते. मधल्या बारीकशा गाठीपासून चहूबाजूंनी तंतू निघालेले असतात आणि त्या तंतूंमध्ये हवा अडकते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या गिर्यारोहकाने फुग्याच्या कापडात अशी लव भरून स्वतःसाठी कोट शिवून घेतला होता. सोबतचे आधी त्याला हसले. थंडी वाढली तसा त्यांना त्याचा हेवा वाटू लागला. त्याच मोहिमेत फिंच आणि जेफ्री ब्रूस ८,३०० मीटरच्या वर पोचले.

ही लव किती फुगते, याचं माप म्हणजे फिल पॉवर. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम लव नळकांड्यात घालून तिच्यावर ठरावीक वजन ठेवतात आणि ती किती घनइंच जागा व्यापते ते मोजतात. ८०० फिल पॉवरची २८ ग्रॅम लव सुमारे १३ लिटर जागा भरते. ६०० ची दहा लिटरही पुरती भरत नाही. दुकानदार फिल पॉवर अभिमानाने सांगतो, पण नुसत्या त्या आकड्यात ऊब नाही. आत लव किती ग्रॅम भरली आहे, हे विचाराच. ८०० फिल पॉवरची ३५० ग्रॅम लव फुगून सुमारे १६० लिटर होते. ६०० ची ४५० ग्रॅम घेतली तरी १५५ च्या आसपासच. म्हणजे ऊब जवळपास सारखी, पहिली बॅग शंभर ग्रॅमने हलकी आणि बहुधा बरीच महाग. ज्याच्या पाठीला शंभर ग्रॅम जड नाहीत, त्याने दुसरी बिनधास्त घ्यावी. मात्र ८०० ची म्हणून दोनशेच ग्रॅम भरलेली पातळ बॅग बर्फावर नेऊ नये, मग ती कितीही नाजूक आणि देखणी असो.

आता त्या छापील आकड्याकडे येते. युरोपात २००२ मध्ये ईएन १३५३७ नावाचं मानक ठरलं. त्याची जागा पुढे २०१६ मध्ये आयएसओ २३५३७ ने घेतली. यात थंड खोलीत माणसाच्या आकाराचा तापवलेला पुतळा अंगभर कपडे आणि मोजे घालून, खाली मॅट टाकून बॅगमध्ये झोपवतात आणि त्याची उष्णता किती वेगाने जाते ते मोजतात. त्यावरून तीन आकडे निघतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण स्त्री सैल पडून निवांत झोपेल ते तापमान. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून, कशीबशी झोप काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे जिथे फक्त जीव वाचण्याची गोष्ट उरते. तिथेही अंग धोकादायक थंड पडण्याची भीती असतेच. कम्फर्ट शून्य असलेल्या बॅगचं लिमिट साधारण उणे पाच-सहा आणि एक्स्ट्रीम उणे वीसच्याही खाली जातं. पिशवीवर मोठ्या अक्षरांत यातला कुठला आकडा छापायचा, ते कंपनी ठरवते. म्हणून आधी शिवणीतलं छोटं लेबल शोधा आणि कम्फर्ट कुठे लिहिलंय ते वाचा. चाचणीचा उल्लेखच नसेल, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

मी कम्फर्टचाच आकडा धरते, मुलगा असो की मुलगी, आणि अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंश जास्तीचे मागते. पुतळा दिवसभर चढून दमलेला नसतो, उंचीवर त्याची भूक मेलेली नसते, आणि तो अकोल्याहूनही आलेला नसतो. मे महिन्यात रात्री पारा शून्यापर्यंत उतरणार असेल तर कम्फर्ट उणे पाच. डिसेंबरात केदारकंठासारख्या ठिकाणी उणे दहा अपेक्षित असेल तर उणे पाचची बॅग, आत लायनर म्हणजे पातळ खोळ आणि पायाशी गरम पाण्याची बाटली अशी तडजोड काही जण करतात. मी तिला हो म्हणत नाही.

यापुढचा भाग लेबलावर कुठेच नसतो, तो म्हणजे बेतलेपणा. निघण्याआधी मी पोरांना घरी बोलावते आणि हॉलच्या फरशीवर मॅट टाकून एकेकाला त्याच्या बॅगमध्ये झोपायला लावते. एकदा कबड्डी खेळणारा एक मुलगा भाड्याने आणलेली सडपातळ बॅग घेऊन आला. चेन लागली, त्याला वाटलं झालं. मी त्याच्या दंडावर दोन बोटं ठेवून दाबलं, तर आतलं आणि बाहेरचं कापड एकमेकांना चिकटलेलं होतं, मध्ये लव नाहीच. त्याच्या खांद्यांनी कप्पे आतून ताणून चपटे केले होते. छातीवर बॅग छान फुगलेली आणि दोन्ही खांद्यांवर नुसतं कापड. तीच बॅग आम्ही त्याच्याबरोबरच्या सडपातळ मुलीला दिली. तिला खांद्यांशी बरोबर बसली, पण पायांच्या पुढे वीतभर पोकळी राहिली; ती जागा रात्रभर अंगाच्याच उबेने तापवावी लागते. तिथे दुसऱ्या दिवशीचे कोरडे कपडे कोंबले आणि प्रश्न मिटला. शिवाय सकाळी कपडे गरम मिळतात ते वेगळंच. हे सगळं दारात उभी राहून बघणारी तिची आई म्हणाली, “मॅडम, हे एवढुसं? यानं थंडी थांबन का?” मी त्यांना बॅगेत हात घालून पाच मिनिटं ठेवायला सांगितलं. त्यांनी हात बाहेर काढला आणि दुसरा प्रश्न विचारला नाही.

म्हणून दुकानात लाजू नका, जमिनीवर झोपून बघा. रात्री जे कपडे घालणार तेच घाला. छातीवर हाताची घडी घाला, कुशीवर वळा, गुडघे थोडे जवळ घ्या. खांदा, कोपर, गुडघा आणि पायाची बोटं, या चार ठिकाणी कोणाला तरी बाहेरून दाबून बघायला सांगा. मध्ये मऊ फुगवटा हाताला लागला पाहिजे. मोजपट्टी असेल तर दोन्ही हात बाजूला ठेवून खांद्यांभोवतीचं माप घ्या. बॅगचा आतला घेर त्याहून वीस-तीस सेंटिमीटर जास्त असला की मला पुरतो. टोपडं दोरी ओढून बंद केल्यावर फक्त नाक-तोंड उघडं राहावं. मानेभोवती भरलेली पट्टी आणि चेनच्या आतून खालपर्यंत गेलेली भरलेली नळी नसेल, तर बॅग फुगूनसुद्धा ऊब टिकत नाही; प्रत्येक वेळी कूस बदलताना गरम हवा बाहेर पडते. खूप हलक्या बॅगांत वजन वाचवायला नेमकी हीच नळी काढून टाकलेली असते. शिवाय बॅग उजेडासमोर धरून बघा: शिवणीच्या रेषांवर आरपार उजेड दिसला, तर कप्पे नुसते टाके घालून पाडलेले आहेत आणि त्या रेषांवर लव नाही. मध्ये उभ्या पट्ट्या शिवून केलेले डब्यासारखे कप्पे थंडीसाठी चांगले.

पाठीखालची लव अंगाच्या वजनाने दबते आणि दबली की कामाची राहत नाही. जमिनीची थंडी मॅट अडवते, बॅग नाही. चांगल्या बॅगवर पैसे घालून मॅटवर वाचवणारे पहाटे कुडकुडत उठतात, असं मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

डाउनचा खरा शत्रू ओल. भिजली की तंतू एकमेकांना चिकटतात आणि फुगवटा जातो. श्वासाची आणि घामाची वाफही रोज थोडी मुरते, म्हणून तोंड आत घेऊन झोपू नका आणि दुपारी ऊन मिळालं की बॅग उलटी करून तंबूवर पसरा. याच कारणाने सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला किंवा चिखलदऱ्याच्या हिवाळ्यातल्या मुक्कामाला डाउन घेण्यात अर्थ नाही. तिथे सिंथेटिक भरावाची स्वस्त बॅग जास्त उपयोगी. ती जड असते, पण ओली झाली तरी बरीच ऊब देते. मेळघाटात तर जीपने जाणाऱ्याने सरळ घरची रजई न्यावी.

काही घरांत विचारतात, यासाठी पक्षी मारतात का? डाउन बहुतेक मांसासाठी पाळलेल्या पक्ष्यांपासून मिळते. जिवंतपणी लव ओरबाडण्याचे क्रूर प्रकारही होत आले आहेत. ते टाळण्यासाठी २०१४ पासून आरडीएस हे प्रमाणपत्र आहे. ते बघून घ्यावं. ज्यांना तेही नको, त्यांनी सिंथेटिक वापरावं, त्यात कमीपणा नाही.

चांगली डाउन बॅग दहा हजारांच्या पुढेच जाते. वर्षातून एकदा जाणाऱ्या विद्यार्थ्याने ती विकत घ्यावी असं मी म्हणणार नाही. माझी विनंती अकोला-अमरावतीतल्या ट्रेकिंग ग्रुपना आणि कॉलेजांना आहे: प्रत्येकाने एकाच मापाच्या दहा बॅगा घेऊन ठेवण्यापेक्षा मिळून तीन मापांच्या बॅगा घ्या, त्यात मुलींसाठी बेतलेल्या आखूड असू द्या, आणि प्रत्येकीवर कम्फर्टचा आकडा मार्करने लिहा. वर्षभर त्या दाबून न ठेवता मोठ्या सुती खोळीत मोकळ्या टांगा, आणि पोरांना नेण्याआधी एकदा फरशीवर झोपवून बघा.