आबांची दोन पेन्शनं, आईंची दोन नावं

नोव्हेंबर लागला की आमच्या धानोऱ्याच्या घरात पलंगाखालची लोखंडी ट्रंक बाहेर निघते. ट्रंक आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि तोही दोनदा. एक नौदलाच्या पेन्शनसाठी, दुसरा पाटबंधारे खात्याच्या. "माणूस एक, पण जिवंत असल्याचं दोनदा सांगावं लागतं," असं म्हणून आबा दरवर्षी स्वतःच हसतात. मशिनवर त्यांचा अंगठा उमटत नाही. बोटं झिजलीत. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, त्यामुळे ते काम नातवाकडे गेलंय.

1964 मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा नौदलात भरती झाला, तोवर त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त इंजिनाचं शिक्षण झालं आणि मग बॉयलर, वाफ, तेल, घाम. 1971 च्या लढाईत आबा 'विक्रांत'वर होते. जहाजाच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी. तरी ते बंगालच्या उपसागरात गेलं आणि 4 डिसेंबरला त्याच्यावरून उडालेल्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. आबांना त्यातलं काही दिसलं नाही. "आम्ही खाली. वर काय चाललंय ते आवाजावरून कळायचं," एवढंच ते सांगतात. शौर्याच्या गोष्टी ऐकायला आलेली शाळेतली मुलं जरा हिरमुसून जातात!

आईंची गोष्ट मात्र कुणी विचारत नाही. त्यांचं लग्न 1969 चं. आबा जहाजावर, आणि या धानोऱ्यात सासू-सासरे, दोन दीर, म्हशी आणि शेत यांच्यात. महिन्याला मनीऑर्डर यायची, पत्र कधीतरी. 9 डिसेंबर 1971 ला 'खुकरी' बुडाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. गावात बातमी पोहोचली ती "आपलं जहाज बुडालं" एवढीच. कुठलं जहाज, कुठला समुद्र, कोण सांगणार? आबांचं पत्र येईपर्यंत आईंनी कुंकू पुसलं नाही, पण आरशातही पाहिलं नाही. हे त्यांनी मला लग्नानंतर बारा वर्षांनी सांगितलं, भाकरी थापता थापता.

1979 ला पंधरा वर्षं पुरी करून आबा परतले. माजी सैनिकांच्या राखीव जागेतून पाटबंधारे खात्यात मोजणीदार झाले. आधी खारं पाणी, मग कालव्याचं गोडं. 2004 मध्ये तिथूनही निवृत्त. शिस्त इतकी की चहाची कपबशीसुद्धा रोज त्याच जागी लागते. त्या शिस्तीचा त्रास आम्ही बायकांनी किती काढला, तो वेगळा लेख होईल.

तर गेल्या नोव्हेंबरात ट्रंक उघडली आणि मी सहज दोन्ही पेन्शनचे कागद शेजारी ठेवले. दोन्हीवर पत्नीचं नाव वेगळं! नौदलाच्या कागदावर आईंचं माहेरचं नाव, राज्य सरकारच्या कागदावर लग्नात बदललेलं. आधार, बँक, रेशनकार्ड सगळीकडे दुसरंच. लग्नानंतर जहाजावर फॉर्म भरताना आबांनी ओठांवर आलं ते लिहिलं होतं. शिस्तीच्या माणसाची एकच चूक, पण ती बरोबर बायकोच्या नावात.

पूर्वी दोन पेन्शनं घेणारा माजी सैनिक गेला, तर मागे राहिलेल्या पत्नीला दोनपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावं लागे. 24 सप्टेंबर 2012 पासून दोन्हीकडून मिळू शकतं. पण कागदावरची बाई आणि समोरची बाई एकच आहे हे सिद्ध झालं तर! हे नवरा हयात असताना करणं किती सोपं आणि नंतर किती कठीण, ते मी शेजारच्या गावातल्या एका काकूंकडे पाहिलंय. दीड वर्ष हेलपाटे घातले त्यांनी.

घरात हा विषय काढणं सोपं नव्हतं. "आबांच्या मरणाची तयारी करतेस का?" असं माझ्या नवऱ्यानेच विचारलं. आबा मात्र शांत होते. म्हणाले, "बॉयलर बंद पडायच्या आधी बघायचा असतो." मग प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची म्हणून. दोघांचा जोडीने फोटो काढला. छप्पन्न वर्षांच्या संसारातला त्यांचा हा दुसराच जोडफोटो. नौसैनिकांचं दप्तर मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये असतं, तिकडे पाठवायचा अर्ज आबांनी स्वतः लिहिला.

आईंना दोन्ही नावांनी सही करायची होती. चौथी शिकलेल्या त्या. माहेरचं नाव म्हटल्यावर पेन धरून बसून राहिल्या.

"मनं नाव?" असं अहिराणीत स्वतःशीच पुटपुटल्या. मग नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर सराव केला. पहिलं अक्षर दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा आबांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "हेच लिहिलं होतं मी."

पाकीट स्पीड पोस्टाने गेलंय. पोचपावती ट्रंकेत आहे. वहीचं ते पान आईंनी फाडू दिलं नाही.